डेलिया-कंदांचे हिवाळी जतन

डेलिया हे काँपॉझिटी कुलातील शोभिवंत, बहुवर्षायू झाड मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील डोंगराळ प्रदेशांतील होय. तेथे कोरड्या ऋतूत त्याचा जमिनीवरील भाग सुकतो. मांसल मुळे (यांनाच सामान्यतः कंद म्हणतात) जमिनीत सुप्तावस्थेत राहतात व पावसाळ्यात पुन्हा कोंब धरतात. यूरोपात हा विश्रांतीकाल कडक हिवाळ्यात येतो. जमीन गोठली म्हणजे कंदांतील पाणीही गोठते, पेशी फुटतात व कंद कुजतात. त्यामुळे यूरोपातील डेलियाचा इतिहास हा पुष्कळ अंशी कंद वाचविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस याने १५७०–७७ या काळात मेक्सिकोतील वनस्पतींची पाहणी केली. तीत या झाडाची नोंद आहे. १७८९ मध्ये मेक्सिकोहून माद्रिदच्या राजोद्यानात बी आले. त्यापासून वाढलेल्या झाडांचे वर्णन आंतोन्यो होसे काव्हानीयेस यांनी १७९१ मध्ये प्रसिद्ध केले आणि स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ आंडेर्स डाल यांच्या स्मरणार्थ वंशाला डेलिया हे नाव दिले. इंग्लंडमध्ये आलेली पहिली झाडे टिकली नाहीत. १८०४ मध्ये लेडी हॉलंड यांनी माद्रिदहून पाठविलेल्या बियांपासून तेथे लागवड पुन्हा सुरू झाली.

मेक्सिकोतील वनस्पती म्हणजे उष्ण हवेतील, अशा समजुतीने आरंभी डेलिया काचगृहात वाढवीत. वस्तुतः ती थंड हवेच्या पठारांवरील असून तिला फक्त हिमतुषार सोसत नाही. हे ध्यानी आल्यावर ती उन्हाळ्यात उघड्या वाफ्यात लावून शरद ऋतूत कंद काढून ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

तुषाराने पाने काळी पडल्यावर खोड थोडे राखून छाटतात व कंदांचा झुबका अलगद खणून काढतात. खोड पोकळ असल्याने त्यातील पाणी निथळावे म्हणून तो काही दिवस उलटा ठेवतात; नंतर कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा यांत सु. ४° ते १०° से. तापमानात साठवितात. बटाट्याच्या मानाने या कंदांची साल पातळ असते. त्यामुळे हवा फार कोरडी झाल्यास ते सुरकुततात आणि दमट झाल्यास बुरशी धरतात. डोळे कंदावर नसून खोडाच्या तळाशी असतात. तो भाग तुटल्यास धडधाकट कंदही फुटत नाही.

बियांपासून मूळ प्रकार जसाच्या तसा मिळत नसल्याने कोणताही प्रकार टिकविण्यास कंद किंवा छाट कलमे हाच मार्ग उरतो. १८७२ मध्ये मेक्सिकोहून हॉलंडला आलेल्या पेटीतील एकच कंद जगला, असे सांगितले जाते. त्यापासून टोकदार पाकळ्यांचे लाल फूल आले. त्याला मेक्सिकोचे अध्यक्ष बेनितो ह्‌वारेस यांच्यावरून नाव मिळाले व त्याच्या संकरातून ‘कॅक्टस’ गट उदयास आला. कार्डिफ येथे १९२४ मध्ये प्रचारात आलेला ‘बिशप ऑफ लँडॅफ’ हा प्रकारही अशाच शाकीय अभिवृद्धीने आजवर टिकून आहे.

भारताच्या मैदानी भागांत ऋतुक्रम उलटा पडतो. महाराष्ट्रातही डेलिया हिवाळ्यात फुलते. म्हणून येथे कंद थंडीपासून नव्हे, तर उन्हाळ्याची उष्णता व पावसाळ्यातील ओल यांपासून जपावे लागतात. ते कोरड्या वाळूत, सावलीच्या थंड जागी ठेवतात. कारणे भिन्न असली, तरी सुप्त कंद सुकू न देणे व कुजू न देणे हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.