मोटारींतील रेडिओचा विसर

मोटारींतील रेडिओ एकाएकीं मुका झाला म्हणजे घरची मंडळी तो बिघडला असें समजून मोकळी होतात, आणि कारागीर तो बदलावयास सांगून मोकळा होतो. पुष्कळदां हे दोन्ही निर्णय चुकीचे असतात. रेडिओ बिघडलेला नसतो. त्याला विसर पडलेला असतो. हा विसर यंत्रांत केव्हां शिरला, आणि परभणीसारख्या जिल्ह्यांत त्याला निराळें महत्त्व कां येतें, हें पाहण्यासारखें आहे.

मोटारींतील रेडिओची विक्री नेटानें सुरू केली ती शिकागो येथील पॉल गॅल्विन या कारखानदारानें, १९३० सालीं. 'मोटोरोला' हें नांव त्यानें या संचासाठींच योजिलें. अडचण मोठी होती. त्या काळच्या रेडिओंतील व्हॉल्व्हना विजेचा दाब फार लागे आणि मोटारीची बॅटरी अवघी ६ व्होल्टची. प्रारंभीं गाडीच्या तळाखालीं निराळ्या बॅटऱ्या ठेवून काम भागविलें गेलें. पुढें व्हायब्रेटर नांवाचा एक लहानसा अवयव आला. त्यांतील पोलादी पातें एकसारखें थरथरत राही आणि विजेचा प्रवाह जोडी व तोडी. मग रोहित्र त्याचा दाब वाढवी. पात्याच्या टोकांशीं ठिणग्या पडून तीं टोकें झिजत, कधीं एकमेकांस चिकटून बसत, आणि गाणें मध्येंच थांबे. अशा वेळीं अनुभवी माणूस पेटीस बाहेरून एक हलकी टिचकी मारी. पातें सुटलें तर गाणें पुन्हां सुरू होई. मोटारींतील रेडिओ पूर्ववत् करण्याची ही सर्वांत जुनी घरगुती युक्ति म्हणावयास हरकत नाहीं. ती हास्यास्पद वाटेल, पण तिच्यामागें सरळ कारण होतें.

त्या काळीं परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत होता. हैदराबादचें खाजगी नभोवाणी-केंद्र १९३५ सालीं निजाम सरकारनें आपल्याकडे घेतलें, आणि पुढें त्यास डेक्कन रेडिओ असें नांव पडलें. ज्या गांवीं वीज नव्हती तेथें घरच्या संचासही बॅटरीचाच आधार होता, आणि बॅटरी उतरली म्हणजे ती भरून आणावयास शहराची वाट धरावी लागे. म्हणून घरचा रेडिओ आणि मोटारीचा रेडिओ यांचें दुखणें फारसें वेगळें नव्हतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति पत्करली, तें वृत्त हैदराबादच्या नभोवाणीवरून लोकांच्या कानीं गेलें. त्या दिवशीं ज्याच्या घरची बॅटरी उतरलेली असेल त्याला मराठवाडा मुक्त झाल्याची वार्ता दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली असेल! १ एप्रिल १९५० पासून डेक्कन रेडिओ अखिल भारतीय नभोवाणींत विलीन झाला. खुद्द परभणीस स्वतःचें केंद्र मिळालें तें १९६८ सालीं.

मध्यंतरीं संच पालटला. १९५५ सालीं अमेरिकेंत क्रायस्लर कंपनीच्या मोटारींसाठीं संपूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ निघाला; व्हॉल्व्ह गेले, त्यांच्याबरोबर व्हायब्रेटरही गेला. केंद्र लावण्याचीं बटणें मात्र पुष्कळ वर्षें यांत्रिकच राहिलीं. हवें तें केंद्र सुईनें गांठावें, बटण बाहेर ओढावें आणि पुन्हां आंत दाबावें, कीं तें केंद्र त्या बटणाच्या स्वाधीन होई. ही स्मृति धातूच्या पट्ट्यांची होती. बॅटरी काढली, गाडी वर्षभर पडून राहिली, तरी ती पुसली जात नसे.

१९८० नंतरच्या दशकांत आंकड्यांनीं लहर दाखविणारे संच पसरले आणि ही स्मृति धातूंतून विजेंत गेली. विसराचें मूळ येथें आहे. अशा संचास विजेच्या दोन तारा असतात. एक किल्ली फिरविल्यावर जागी होते. दुसरी अहोरात्र जिवंत राहून आठवण सांभाळते. दुसऱ्या तारेचा फ्यूज उडाला, तर रेडिओ वाजतो उत्तम, परंतु रोज सकाळीं त्याची पाटी कोरी! हा संच फेंकून देणें म्हणजे चष्मा हरवला म्हणून डोळे काढण्यासारखें आहे.

संच पडद्यावर भलतेंच कांहीं दाखवूं लागला अथवा बटणांस दाद देईनासा झाला, तर प्रथम फ्यूज पाहावा. पुष्कळ संचांच्या दर्शनी भागावर टांचणी जाईल एवढें छिद्र असतें. त्यांतील कळ दाबली कीं संच मूळ स्थितीवर येतो. तेंही नसेल, तर गाडी बंद करून बॅटरीची ऋण टोंकाची तार पाव तास सोडून ठेवावी. पण त्यापूर्वीं एक खबरदारी अवश्य घ्यावी. चोरीच्या भयानें कित्येक संचांस गुप्त अंक दिलेला असतो, आणि वीज तुटली कीं संच तो अंक मागतो. चुकीचे अंक पुनःपुन्हां दिले तर कुलूप अधिकच घट्ट बसतें. अंकाची चिठी बहुधा गाडीच्या पुस्तिकेंत असते, आणि जुनी गाडी विकतांना नेमकी तीच द्यावयाची राहते. ती हातीं असल्याखेरीज तारेस हात लावूं नये.

परभणीचा विशेष याहून पुढचा आहे. १९७५ सालीं जिनीव्हा येथें झालेल्या परिषदेनें मध्यम लहरींची नवी वांटणी ठरविली, आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून आशिया, युरोप व आफ्रिका खंडांत केंद्रांमधील अंतर ९ किलोहर्ट्‌झ झालें. अमेरिकेनें आपलें १० चें अंतर सोडलें नाहीं. परभणी केंद्राच्या वांट्यास १३०५ हा आंकडा आला. ९ नें त्यास भागलें तर १४५ येतात, बाकी कांहीं उरत नाहीं. गंगाखेड, सेलू, जिंतूर इकडच्या शेतकऱ्यांस पावसाचा अंदाज आणि कापसावरील किडीची सूचना आपल्या बोलींत मिळे ती या आंकड्यावर. आतां अमेरिकेहून आलेल्या नातलगानें हौसेनें आणलेला संच गाडींत बसविला, अथवा इकडचाच संच पूर्ववत् करतांना अमेरिकेच्या मापावर जाऊन बसला, तर बाकी सारें ठीक असूनही जिल्ह्याचें केंद्र तेवढें नीट लागत नाहीं. ऐकूं आलेंच तर घोगरें आणि फाटलेलें. दोष आकाशतारेचा नसतो, केंद्राचाही नसतो. बहुतेक संचांत प्रदेश बदलण्याची सोय असते. कोठें ती सूचीमध्यें असते, कोठें दोन बटणें एकदम दाबून धरावीं लागतात. पुस्तिकेंत तें दिलेलें असतें. तेथें ९ चें माप निवडावें. तोंवर सुई १३०० वर थांबते, तेथून एकदम १३१० वर उडी घेते, आणि १३०५ वाटेंतच राहून जातें.