तंजावरचा राजवाडा : वास्तू, वस्तुसंग्रह आणि दप्तर

तंजावर येथील बृहदीश्वर मंदिराच्या ईशान्येस असलेला राजवाडा सामान्यतः मराठ्यांचा राजवाडा म्हणून ओळखला जातो. ही ओळख अर्धीच खरी होय. वाड्याची मूळ उभारणी नायक राजांच्या काळातील असून 1675-76 मध्ये व्यंकोजी राजांनी तंजावर घेतल्यानंतर भोसले घराण्याने तेथे भर घातली. त्यामुळे येथील प्रत्येक दालनाविषयी ते कोणाचे, हा प्रश्न प्रथम विचारणे अभ्यासकास भाग पडते.

नायकांच्या दरबारात दुसऱ्या सरफोजी राजांचा (राज्यकाल 1798–1832) शुभ्र संगमरवरी पुतळा आहे. तो घडविला फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने. पुतळा पाहून राजवैभवाची कल्पना येते. परंतु 1799 च्या तहाने सरफोजींचा राज्यकारभार कंपनीकडे गेला होता. त्यांच्याकडे उरले ते किल्ल्यापुरते स्वामित्व, ठराविक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. या तहानंतर अवघ्या चार वर्षांनी, 1803 साली, त्यांनी बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविला. या लेखाकडे शहाजी-शिवाजींच्या काळाचे साधन म्हणून पाहताना सावधगिरी हवी. तो प्रसंगांनंतर फार उशिरा लिहिलेला आहे. मात्र सत्ता गमावलेला राजा आपला वंश कसा स्मरत होता, याचे तो अव्वल दर्जाचे साधन आहे.

वाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयाचा विचारही याच संदर्भात करावा लागतो. ग्रंथसंग्रहाचा आरंभ नायकांच्या काळी झाला. त्यास आजचे रूप आले ते सरफोजींच्या व्यासंगामुळे. काशीयात्रेतही त्यांनी हस्तलिखिते मिळविली. आज तेथे सुमारे 49,000 हस्तलिखिते असून त्यांपैकी तीन हजारांहून अधिक मराठी आहेत. शहाजी राजांनी (1684–1712) रचलेली मराठी नाटके याच परंपरेतील होत. मराठी नाटकाचा इतिहास 1843 च्या सांगलीपासून आरंभणाऱ्यांस हा संग्रह आपले मत तपासावयास लावतो.

1855 साली दुसरे शिवाजी राजे पुत्रावाचून निवर्तले. कंपनीने राजपद खालसा केले व वाड्यातील खाजगी मालमत्तेवरही जप्ती आणली. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला. 1859 साली प्रिव्ही कौन्सिलने हे राज्यसत्तेचे कृत्य ठरवून त्यात न्यायालयास अधिकार नाही, असा निर्णय दिला. पुढे 1862 मध्ये सरकारनेच मालमत्ता परत केली. ग्रंथालय 1918 साली सार्वजनिक झाले. आज प्रेक्षक जे पाहतो, ते या जप्तीतून पार पडलेले आहे.

1951 साली स्थापन झालेल्या कलादालनातील चोल ब्राँझमूर्ती मात्र वाड्याच्या नव्हेत. त्या ठिकठिकाणच्या देवळांतून व भूमिगत ठेव्यांतून आल्या. तिरुवेंकाडू येथील 1011 सालच्या वृषवाहन शिवाचा हात अद्याप नंदीवर विसावलेला आहे. नंदी मात्र नाहीसा झाला आहे. मूर्तीचा तोल त्या नसलेल्या नंदीवाचून समजत नाही.

वाड्याचेही असेच आहे. येथील राजघराण्याच्या कारभाराचे मोडी रुमाल हजारावर आहेत. कोणते दालन कोणी दुरुस्त केले, कोणता ग्रंथ कोणी आणला, कारागिरास काय दिले, अशा प्रश्नांची उत्तरे पुतळ्यांपाशी मिळत नाहीत. ती शोधावयाची ती या रुमालांतच. ते वाचण्यास मोडी यावी लागते, तंजावरची मराठी समजावी लागते आणि पुष्कळदा तमिळ व तेलुगूचीही ओळख लागते. अशी माणसे आज थोडी आहेत. महाराष्ट्रातील अभ्यासकाने तंजावरास केवळ प्रेक्षक म्हणून जाऊ नये. कागद वाचण्याची तयारी करून गेल्यासच त्या वाड्याचा इतिहास त्याच्या हाती लागेल.