रमण राघव
* मुंबईच्या उपनगरांत रात्री फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्या गोरगरिबांचे खून करणारा. अटक १९६८, फाशीची शिक्षा १९६९. त्याची कहाणी या निकालाशीच थांबवणे मला अपुरे वाटते. पुढे उच्च न्यायालयाच्या आदेशाने तीन मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. सरकारनेच आपल्याला चोऱ्या करायला मुंबईत आणले, अशी त्याची ठाम समजूत होती. निदान झाले जुनाट स्किझोफ्रेनियाचे. भारतीय दंड संहितेचे कलम ८४ मात्र केवळ आजार पाहत नव्हते. कृत्य करतेवेळी त्याचे स्वरूप, किंवा ते गैर वा बेकायदा असल्याचे, आरोपीला कळण्याची क्षमता होती का, हे पाहत होते. अखेर १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली.