काळ्या नदीचे खोरे

५ मे १८३६ रोजी चार्ल्स डार्विन मॉरिशस बेटावरील रिव्हिएर न्वार, म्हणजे काळ्या नदीच्या मुलखात गेला होता. ‘बीगल’ हे त्याचे जहाज इंग्लंडच्या परतीच्या वाटेवर २९ एप्रिलला या बेटावर थांबले होते व ९ मे रोजी पुढे निघणार होते. बेटाच्या सर्वेक्षणाचे प्रमुख कॅप्टन लॉइड यांनी त्याला ही सहल घडवली. डार्विनला पाहायचे होते ते समुद्रापासून वर आलेले प्रवाळाचे खडक. वाटेत बागा लागल्या, लाव्हाच्या काळ्या शिळांमधून वाढलेला ऊस लागला, घरांपुढे आंब्याच्या रांगा लागल्या. अर्ध्या वाटेपर्यंत लॉइडसाहेबांचा हत्ती सोबत होता. त्या काळी सबंध बेटावर तेवढा एकच हत्ती होता! हिंदुस्थानी थाटात सवारी करावी ही त्यामागची हौस. एवढे मोठे जनावर, पण पावलांचा आवाज मुळीच नाही, याचे डार्विनला फार नवल वाटले.

हिंदुस्थानचा हत्ती होता तशी हिंदुस्थानची माणसेही तिथे होती. ती मात्र रस्त्यावर खडी फोडत होती.

१८३९ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात डार्विनने या माणसांविषयी लिहून ठेवले आहे. हे सारे जन्मठेपेचे कैदी. त्यांची संख्या तो सुमारे ८०० सांगतो. हिंदुस्थानची माणसे इतकी रुबाबदार असतील अशी आपल्याला कल्पना नव्हती, अशी कबुली तो देतो. त्यांतल्या म्हाताऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र दाढीमिशा, त्यांचा स्वच्छपणा, आपापल्या धर्माचे आचार पाळण्याची निष्ठा, हे सगळे त्याच्या डोळ्यांत भरले. बेटावरचे पक्के रस्तेही त्याला आवडले. असे रस्ते बांधणे हेच या कैद्यांचे काम होते, आणि १८१५ पासून त्यांना जहाजांत भरून इथे आणले जात होते. प्रथम बंगालमधून, नंतर मुंबई इलाख्यातूनही. म्हणजे त्यांत आपल्या मराठी मुलखातली माणसे होती. ऊसमजूर पोहोचण्याच्या आधी मराठी बोली या बेटावर पोहोचली ती पायांत बेड्या घालून.

हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात. इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि १८३० च्या दशकात या छावणीच्या आसपास ठगांची धरपकड चालली होती. त्यांच्या खटल्यांतही फाशीखालोखाल काळ्या पाण्याचीच शिक्षा दिली जाई. पण निजामाची रयत मुंबई बंदरातून मॉरिशसला गेल्याची मोठी परंपरा नाही. गेले ते बहुतेक कोकणातले, रत्नागिरी-सावंतवाडीकडचे, आणि काही घाटावरचे. आपला जिल्हा या गोष्टीत थेट येत नाही. तो कसा येतो ते पुढे सांगतो.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. ऊस मात्र वाढतच होता. इंग्रजांनी १८१० मध्ये हे बेट फ्रेंचांकडून घेतल्यापासून साखरेची निर्यात पंचाहत्तर पट झाली, असे डार्विनने तिथे ऐकले होते. एवढा ऊस तोडायला हात कुठून आणायचे? २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले. करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. पुढे १९२० पर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसे याच बंदरात उतरली. १८४९ साली तिथे बांधलेला आप्रवासी घाट २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबईहून गेलेले थोडे होते. हे मराठी लोक पुष्कळसे बेटाच्या पश्चिम व नैऋत्य भागात, काळ्या नदीच्या जिल्ह्यात आणि वाकोआच्या बाजूला स्थिरावले.

त्या करारात एक कलम होते. एक दिवस कामावर गैरहजर राहिले की दोन दिवसांचा पगार कापायचा. इतिहासकार त्याला ‘दुहेरी कपात’ म्हणतात. आमच्या वर्गातल्या मुलांना हे समजावून सांगायला इतिहासाचा मास्तर लागत नाही. मराठवाड्यातली जोडपी दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन कोयता उचलतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि तोडीच्या कामाला एक दिवस दांडी झाली तर ‘खाडा’ म्हणून दंड भरतात. आईबापांबरोबर मुलेही जातात आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत राहतात. मॉरिशसमधल्या मुकादमाला सरदार म्हणत. फरक असलाच तर एवढाच, की तिथे हा अन्याय कायद्याने लिहून ठेवला होता. इथे तो तोंडी चालतो.

आता त्या खोऱ्याकडे पाहू. काळ्या नदीचा डोंगर ८२८ मीटर उंच, बेटावरचे सर्वांत उंच शिखर. किनाऱ्याजवळचा भाग कोरडा, पूर्वी तिथे मिठागरे होती. वर चढत जावे तसे खोरे हिरवेगार होत जाते. १९९४ मध्ये या दऱ्याखोऱ्यांचे राष्ट्रीय उद्यान झाले. पण ही हिरवळ सगळी तिथली नाही. रानटी पेरू ब्राझीलहून आला, हरणे डचांनी जावाहून आणली. मूळचे एबनीचे रान डचांच्या काळापासून तुटत गेले. १९७४ साली मॉरिशसच्या ससाण्याचे फक्त चार पक्षी माहीत होते. मेहनतीने जपून त्यांची वीण पुन्हा वाढवली, ती याच खोऱ्यांच्या आसऱ्याने.

माणसांचेही तसेच झाले. जे आले ते रुजले, पण नोंदवहीत निराळे होऊन. काळ्या नदीच्याच जिल्ह्यात कास्काव्हेल येथे विठ्ठल-रखुमाईचे मंदिर आहे. आपल्या कयाधूकाठच्या नर्सीत नामदेवांनी ज्याचा ध्यास घेतला, तोच हा विठ्ठल. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून अजून नाचली जाते. १९९१ ची जागतिक मराठी परिषद मॉरिशसलाच भरली होती. त्याच्या आदल्या वर्षी, १९९० मध्ये, सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता, आणि मला खटकते ते हेच.

कारण मुंबई बंदरातून गेलेल्यांत मुसलमानही होते, कोकणी मुसलमानही होते. त्यांची मराठी कुठे गेली? १९६८ च्या मॉरिशसच्या राज्यघटनेने लोकांचे चार गट मानले: हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सर्व. शाळांत पूर्वजांच्या भाषा शिकवतात. हिंदू मराठी मुलाला मराठी मिळाली, मुसलमान मुलाला उर्दू किंवा अरबी. २००० सालच्या जनगणनेतही पूर्वजांची भाषा विचारली होती. घरात सगळे क्रिओल बोलणारे, तरी त्या रकान्यात मुसलमानांनी पुष्कळदा उर्दू लिहिली. मी स्वतः उर्दू माध्यमात शिकवतो. उर्दू कुठेही जगली तर मला आनंदच आहे. पण आजोबा ज्या बोलीत उखाणे घालत ती बोली धर्माच्या रकान्यापायी दुसऱ्याच्या नावे जमा व्हावी, हे आपल्या ओळखीचे दुखणे आहे. ‘मराठी माणूस आणि मुसलमान’ हे वाक्य आपण इथेही ऐकतो, जणू ही दोन माणसे आहेत.

एक गोष्ट मात्र या रकान्यांच्या आधीची आहे. पोर्ट लुईत मोहरमला फ्रेंच लोक ‘यामसे’ म्हणत. ‘या हुसेन’ची हाक त्यांच्या कानांना तशी ऐकू आली. त्या मिरवणुकीत लष्करी, म्हणजे जहाजांवरचे खलाशी असत, कैदी असत, पुढे मजूरही आले, आणि त्यांत हिंदूही असत. मराठवाड्याच्या खेड्यांत सवाऱ्या उठतात तेव्हा पुढे कोण चालते, हे ज्याने पाहिले आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नंबर, नाव, बापाचे नाव, गाव, जात, जहाज. मुसलमान असेल तर जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ एवढेच लिहिलेले. भाषेचा रकाना त्या वहीत नव्हताच.