कोयनेचा भूकंप आणि संशोधनाचें मोल

राष्ट्राच्या तिजोरींतून शास्त्रीय संशोधनासाठीं जो पैसा खर्च होतो, त्याचा ताळेबंद सामान्य गृहस्थास सहसा उमगत नाहीं. रस्ता बांधला तर त्यावरून गाड्या धांवतांना दिसतात. शाळा काढली तर मुलें शिकतांना दिसतात. परंतु डोंगराळ मुलखांत तीन किलोमीटर खोल विवर पाडून त्यांतून दगडाचे तुकडे बाहेर काढले, तर त्यांत लोकांचें कोणतें हित झालें, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यांत असें विवर खरोखरीच पाडण्यांत आलें आहे. त्यामागचा इतिहास पाहिला असतां सरकारनें संशोधनास पैसा कां द्यावा आणि तो कोणत्या रीतीनें द्यावा, या दोन्ही प्रश्नांवर पुष्कळ प्रकाश पडतो.

कोयना नदीवर देशमुखवाडीजवळ १०३ मीटर उंचीचें धरण बांधण्यांत आलें व १९६२ सालाच्या सुमारास शिवाजीसागर जलाशय भरूं लागला. हिमालयालगतची भूमि चंचल आणि दख्खनची भूमि अचल, ही समजूत त्या काळीं विद्वानांतही दृढ होती. त्यामुळें धरणाची आंखणी करतांना भूकंपाचा जो जोर हिशेबांत धरला तो गुरुत्वाकर्षणाच्या अवघा विसाव्या हिश्शाइतका होता. परंतु जलाशय भरूं लागतांच खोऱ्यांतील लोकांना लहान लहान धक्के जाणवूं लागले. त्यांची नोंद घेण्यासाठीं आसपास भूकंपमापक यंत्रें आणि खुद्द धरणांत धक्क्याचा जोर मोजणारें यंत्र बसविण्यांत आलें. धरणाच्या एकंदर खर्चापुढें हा खर्च क्षुल्लकच होता.

११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटें चार वाजून एकवीस मिनिटांनीं, लोक गाढ झोपेंत असतां, ६.३ मापाचा भूकंप झाला. कोयनानगरांतील घरें कोसळलीं आणि सुमारें दोनशें माणसें मृत्युमुखीं पडलीं. धरणास तडे गेले. परंतु तें उभें राहिलें. तें फुटतें तर कराडच्या संगमापासून थेट सांगलीपर्यंत कृष्णाकांठावर काय ओढवलें असतें, याची कल्पनाही करवत नाहीं. धरणांतील यंत्रानें नोंदविलेला सर्वांत मोठा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, म्हणजे आंखणींत धरलेल्या मानाच्या बारा पटींहून अधिक होता. ही नोंद पुढें जगभरच्या धरणबांधणी करणाऱ्या स्थापत्यशास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाली. आधींच केलेला थोडका खर्च किती फळ देतो, याचें याहून चांगलें उदाहरण क्वचित् मिळेल.

यानंतर धरण मजबूत करण्यांत आलें आणि १९७० सालीं देशाचा भूकंपप्रवण प्रदेशांचा नकाशा बदलून कोयनेस त्यांत वरच्या श्रेणींत घालण्यांत आलें. मात्र भूकंप झाला कां, हा मूळ प्रश्न उरलाच. त्याचा शोध घेण्याचें काम ज्यांनीं केलें त्यांत हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था प्रमुख होय. ही संस्था १९६१ सालीं, १९४२ मध्यें स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या छत्राखालीं निघाली. संसदेनें दरवर्षीं रक्कम मंजूर करावी, ती अशा परिषदेमार्फत संस्थेस मिळावी, आणि शास्त्रज्ञांनीं तत्काळ फळाची अपेक्षा न धरतां वर्षानुवर्षें एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करावा, अशी ही व्यवस्था आहे. या संस्थेचे हर्ष गुप्ता व बी. के. रस्तोगी यांचा धरणें आणि भूकंप या विषयावरील ग्रंथ १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. जलाशयाचें पाणी खडकांच्या भेगांत शिरून दाब वाढवितें आणि आधींच ताणलेली भेग त्यामुळें सरकते, हा विचार हळूहळू मान्य झाला. पुढें सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यांत चांदोलीस वारणेचें धरण झालें. १९८५ पासून त्यांत पाणी सांठूं लागलें, आणि १९९३-९४ च्या सुमारास त्या बाजूसही ५ मापाहून मोठे धक्के बसले. निसर्गानें जणूं तोच धडा पुन्हा गिरवून दाखविला.

तथापि भूपृष्ठावर बसून भूगर्भाचा केवळ तर्कच करतां येतो. म्हणून २००६ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयानें खोल वेधनाची योजना हातीं घेतली. रासाटी येथील पहिल्या विवरांत सुमारें ९३२ मीटर काळा पाषाण ओलांडल्यावर प्राचीन ग्रॅनाइटसदृश खडक लागला. नंतर गोठणे येथें डिसेंबर २०१६ ते जून २०१७ या अवधींत तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विवर खोदलें गेलें. या कामासाठीं कराडजवळ स्वतंत्र प्रयोगशाळा उभारण्यांत आली आहे.

अशा विवराचा लाभ कोणा एका व्यापाऱ्यास विकतां येत नाहीं, म्हणून खाजगी भांडवल त्याकडे वळत नाहीं. २०२३ च्या कायद्यानें निघालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठीं पांच वर्षांत ५०,००० कोटि रुपये योजिले गेले. त्यांतील मोठा भाग खाजगी क्षेत्राकडून यावा अशी अपेक्षा होती. उद्योगधंद्यांच्या संशोधनास ही रीत उपकारक ठरेल. परंतु गोठण्याच्या विवरास सरकारी तिजोरीवांचून अन्य वाली नाहीं. देशाच्या एकंदर उत्पन्नापैकीं शेंकडा एक रुपयाहूनही कमी, सुमारें चौसष्ट पैसे, संशोधनावर खर्च होतात, हेंही येथें लक्षांत ठेवावयास हवें.

भूकंपाचें भाकीत अद्यापि कोणासच नेमकें करतां आलेलें नाहीं, आणि कोयनेचें संशोधनही तसें अभिवचन देत नाहीं. तेवढ्यावरून तो खर्च व्यर्थ म्हणणें अविचाराचें होईल. ज्या भूमीस अचल मानून लोक निर्धास्त निजले, ती अचल नाहीं हें ज्ञान दोनशें प्राणांचें मोल देऊन मिळालें आहे. संकट ओढवल्यावर पैसा सढळ हातानें द्यावा आणि त्याची आठवण पुसट होतांच हात आंखडावा, ही रीत राष्ट्रास महागांत पडते. संशोधनाची तरतूद शांततेच्या काळांत अखंड चालू असली पाहिजे. तिचें फळही केवळ इंग्रजी अहवालांत न राहतां पाटणच्या गवंड्यापर्यंत आणि शिराळ्याच्या ग्रामपंचायतीपर्यंत मराठींत पोंचलें पाहिजे. कारण धक्का बसेल तेव्हां कोसळणारें अथवा टिकणारें घर त्यांनींच बांधलेलें असेल.