जामीनविषयक विधिसंज्ञा

जामीनविषयक विधिसंज्ञा म्हणजे आरोपीची कोठडीतून सशर्त सुटका करताना न्यायालये व पोलीस वापरतात ते शब्द होत. इंग्रजी आदेशात ‘बेल’, ‘बॉण्ड’ आणि ‘श्युअरिटी’ हे शब्द तीन वेगळ्या अर्थांनी येतात. बोली मराठीत मात्र या तिन्हींसाठी बहुधा ‘जामीन’ हा एकच शब्द चालतो. त्यामुळे आदेशाचा अर्थ लावताना गल्लत होते आणि तिचा परिणाम आरोपीच्या सुटकेवर किंवा हमी देणाऱ्याच्या मालमत्तेवर होऊ शकतो.

व्युत्पत्ती

‘जामीन’ हा शब्द अरबीतून फारसीमार्फत मराठीत आला. हमी घेणारा मनुष्य हा त्याचा मूळ अर्थ ‘भावाला जामीन राहणे’ या प्रयोगात टिकून आहे. ‘जामीन मिळाला’ या प्रयोगात मात्र तोच शब्द सुटकेचा वाचक ठरतो. ‘जातमुचलका’ या शब्दातील ‘जात’ म्हणजे स्वतः. ‘जातीने हजर राहणे’ यातही तोच अर्थ आहे.

प्रमुख संज्ञा

फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ मध्ये ‘बेल’ या शब्दाची व्याख्या नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २ मध्ये ‘बेल’, ‘बॉण्ड’ आणि ‘बेल बॉण्ड’ या तिन्ही संज्ञांची व्याख्या दिली आहे.

• जामीन (बेल) : आरोपी किंवा संशयित व्यक्तीची अटींवर होणारी सुटका.
• बंधपत्र (बॉण्ड) : जामीनदाराविना, केवळ स्वतःच्या हमीवर लिहून दिलेला लेख. यालाच जातमुचलका म्हणतात.
• जामीन-बंधपत्र (बेल बॉण्ड) : जामीनदारासह दिलेली हमी.
• जामीनदार (श्युअरिटी) : आरोपी ठरल्या तारखांना हजर राहील अशी हमी घेणारी व्यक्ती.
• जामीनपात्र गुन्हा : ज्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो (कलम ४७८). अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळतच नाही असे नव्हे. तो न्यायालयाच्या विवेकाधीन असतो.
• अटकपूर्व जामीन : अटकेच्या संभवामुळे आधीच मागितलेले संरक्षण (कलम ४८२). नाशिक जिल्ह्यातील प्रकरणांत असा अर्ज सत्र न्यायालयात किंवा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबई येथील मुख्य पीठापुढे करता येतो.

जामीनदाराचे दायित्व

बंधपत्रात लिहिलेली रक्कम सही करताना भरावयाची नसते. अटींचा भंग झाल्यास ती देय होते. रोख रक्कम ठेवण्याची परवानगी ही वेगळी तरतूद आहे (कलम ४९०). जामीनदाराची ऐपत दाखवण्यासाठी सातबारा उतारा, घरपट्टीची पावती, वेतनचिठ्ठी किंवा तहसीलदाराचा ऐपतदाखला सादर केला जातो. आपण आणखी किती जणांना जामीन आहोत, हेही जामीनदाराला घोषित करावे लागते (कलम ४८६). आरोपी गैरहजर राहिल्यास बंधपत्र जप्त होऊन जामीनदाराकडून रक्कम वसूल होऊ शकते. वसुली अशक्य ठरल्यास त्याला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कारावास होऊ शकतो (कलम ४९१). पुढे हमी नकोशी झाल्यास तो न्यायालयाकडे मुक्ततेचा अर्ज करू शकतो (कलम ४८९).

शांतता राखण्याचे बंधपत्र

नाशिक शहरासारख्या पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात ‘चॅप्टर केस’ हा शब्द प्रचलित आहे. तीत शांतता किंवा चांगली वर्तणूक राखण्याचे बंधपत्र घेतले जाते (कलमे १२६ ते १२९). ही प्रतिबंधक कारवाई असून तिचा जामिनाशी संबंध नाही.

महत्त्वाचा निर्णय

मोतीराम वि. मध्य प्रदेश राज्य (१९७८) या प्रकरणात एका गवंड्याकडे दहा हजार रुपयांचा जामीनदार मागण्यात आला. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने त्याची हमी नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याची सुटका करण्यास सांगितले आणि ‘बेल’ या संज्ञेत जामीनदाराविना होणारी सुटकाही येते, असे स्पष्ट केले. जामीनपात्र गुन्ह्यात निर्धन आरोपीला जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आता कायद्यातच आहे. अटकेपासून सात दिवसांत जामीनदार देता न आल्यास तो निर्धन असल्याचे गृहीत धरले जाते.