बांबूउडी आणि विमानाचं पोट

मराठी वर्तमानपत्रांत पोल व्हॉल्टला अजूनही कधीकधी 'बांबूउडी' म्हणतात. खेळातून बांबू हद्दपार होऊन जमाना झाला, शब्द मात्र हटायला तयार नाही. (घड्याळात घटिका कुठे उरल्यात, तरी आपण 'घटका' म्हणतोच की.) मला हा शब्द आवडतो, कारण बांबू होता तोवर हा खेळ प्रवासाला सोपा होता आणि बांबू गेला तशी पंचाईत सुरू झाली, असं माझं मत होत चाललंय. ते कसं, ते सांगतो.

निमित्त आमची भाची. नातेवाईक मंडळींना माहीतच आहे, इतरांसाठी सांगतो : ती बांबूउडी करते. त्यामुळे आमच्याकडे बारसं असो की साठीशांत, जेवणं झाली की "आता पुढच्या स्पर्धेला पोल न्यायचे कसे?" हा विषय निघतोच निघतो. प्रत्येक काका-मामाकडे एक तोडगा असतो आणि त्यातला एकही चालत नाही. मीही त्यातलाच एक मामा. तेव्हा म्हटलं, नुसते तोडगे सुचवण्यापेक्षा हा घोळ मुळात झाला कधी, ते जरा वाचून बघावं.

आधी घोळ काय आहे ते. विमान कंपन्यांचा सर्वसाधारण हिशेब असा की बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर भरली पाहिजे. एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर नको, कारण ते उचलणारा माणूसच असतो. आता भाचीचा पोल. एकटा पोल साधारण चार मीटर. पुरुष खेळाडूंचे पाच मीटर किंवा थोडे जास्तच. वजनाचं काही नाही, एक पोल दोन-तीन किलोचा. सात-आठ पोल एकत्र बांधले तरी ३२ किलोच्या आत बसतात. अडतं ते लांबीवर. आणि लांबी कमी करता येत नाही, कारण पोल दुमडत नाही, त्याचे भाग सुटे होत नाहीत.

तुम्ही म्हणाल, इतर खेळांचं काय? तर इतरांनी आपापली सोय केव्हाच करून घेतली आहे. सायकलीची चाकं, पॅडल आणि हँडल काढलं की ती खोक्यात जाते. तिरंदाजांच्या धनुष्याचे तीन तुकडे होतात. नौकानयनातली आठ जणांची लांबच लांब होडीसुद्धा तुकड्यांत सुटी होते, आणि नाहीतर स्पर्धेच्या ठिकाणी भाड्याने मिळते. घोडे तर स्वतः विमानात उभे राहून जातात! (तेही सोपं नव्हतं. १९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला होतं, पण ऑस्ट्रेलियाचे बाहेरून येणाऱ्या जनावरांबाबतचे नियम इतके कडक की घोडेस्वारीच्या स्पर्धा त्याच वर्षी जूनमध्ये थेट स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या. घोड्यांचं ऑलिंपिक एका खंडात, माणसांचं दुसऱ्या!)

भाल्याचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोला अंतिम फेरीच्या वेळी नीरज चोप्राचा भाला पाकिस्तानच्या अर्शद नदीमच्या हातात होता, यावरून आपल्याकडे केवढा गदारोळ झाला. शेवटी नीरजलाच सांगावं लागलं की बाबांनो, स्पर्धेत ठेवलेला भाला कोणीही वापरू शकतो, तसा नियमच आहे. भाला, थाळी, गोळा, हातोडा या सगळ्यांचं तसंच. स्वतःचा नेलात तर तपासणी होऊन तो सामाईक ढिगात जातो. पोलचा नियम बरोबर उलटा आहे. पोल खेळाडूचा स्वतःचा, आणि त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. हा फरक का, ते पोल कशाचा बनतो त्यावर आहे.

सुरुवातीला पोल लाकडी असत, जड. विसाव्या शतकाच्या तोंडावर बांबू आला. हलका, पोकळ, थोडा लवचीक. चिरू नये म्हणून त्याला जागोजागी पट्टी गुंडाळत. चांगला बांबू जपानचा, आणि जपानचे उडीबहाद्दरही तसेच. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ही स्पर्धा अंधार पडेपर्यंत, दिव्यांच्या उजेडात चालली. अमेरिकेचा अर्ल मेडोज ४.३५ मीटर मारून जिंकला. नीशिदा आणि ओए हे दोघे जपानी मित्र बरोबरीत आले. एकाला रौप्य, एकाला कांस्य मिळालं. पुढे त्यांनी दोन्ही पदकं मधोमध कापून अर्धी-अर्धी जोडून घेतली. ही गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल.

मला त्यात वेगळीच गंमत वाटते. ही माणसं अर्ध्या जगाचा प्रवास करून आली होती. अमेरिकन संघ 'मॅनहॅटन' नावाच्या जहाजातून आला. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघही त्याच वर्षी बर्लिनला गेला होता, मल्लखांब आणि इतर देशी खेळ दाखवायला. त्या काळी समुद्रापलीकडे जायचं तर जहाजच. आणि जहाजाला चार मीटरच्या काठीचं काय? ती कुठेही आडवी टाका. आगगाडीच्या मालडब्यालाही तिचं ओझं नाही. वेळ लागायचा, पण लांबीचा प्रश्नच नव्हता.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बांबू फारसा वाकत नाही. त्यामुळे माझा बांबू आणि तुझा बांबू यांत जमीन-अस्मानाचा फरक नव्हता. एखादा मोडलाच, तर दुसऱ्याचा घेऊन उडी मारणं अगदी अशक्य नव्हतं. आणि बांबू कमी दर्जाचाही नव्हता बरं का. कॉर्नेलियस वॉरमरडॅम या कॅलिफोर्नियाच्या माणसाने १९४२ मध्ये बांबूवर ४.७७ मीटरची उडी मारली. तो विक्रम मोडायला १९५७ उजाडलं, आणि मोडणाऱ्याच्या हातात धातूचा पोल होता. बिचाऱ्या वॉरमरडॅमला ऑलिंपिक मात्र मिळालंच नाही, १९४० आणि १९४४ ची दोन्ही युद्धात गेली. त्याच युद्धात जपानचा बांबूही बंद झाला, आणि लोक पोलाद-ॲल्युमिनियमकडे वळले.

मग आलं फायबरग्लास. १९५२ ला हेलसिंकीत डेकॅथलॉनवाला बॉब मथायस ते वापरत होता. १९५६ ला मेलबर्नला ग्रीसच्या रूबानिसने त्यावर कांस्यपदक घेतलं. १९६१ मध्ये जॉर्ज डेव्हिसने फायबरग्लासवरचा पहिला विश्वविक्रम केला, ४.८३ मीटर. १९६४ च्या टोकियोत फ्रेड हॅन्सनने सोनं घेतलं ते ५.१० वर. म्हणजे पंधरा वर्षं जो आकडा हलत नव्हता, तो तीन-चार वर्षांत पार मागे पडला. खेळच बदलला. उडी मारणारा आता काठीवर चढत नाही, तो काठी वाकवतो. धावण्यातली सगळी ताकद पोल वाकण्यात साठते, आणि पोल सरळ होताना ती परत देतो.

इथेच सगळी गोम आहे. पोल किती वाकावा, हे उडी मारणाऱ्याचं वजन, त्याचा वेग आणि पकडीची उंची यावर ठरतं. म्हणून प्रत्येक पोलवर तो किती वजनाच्या माणसासाठी आहे ते लिहिलेलं असतं. शिवाय 'फ्लेक्स'चा आकडा. पोल दोन टोकांना टेकवून मधोमध पन्नास पौंडांचं वजन टांगायचं, आणि तो किती सेंटिमीटर खाली झुकतो ते मोजायचं. आणि एकाच माणसाला एक पोल पुरत नाही. बार वर चढला की जास्त ताठ पोल, वारा समोरून आला की नरम. मोठे खेळाडू स्पर्धेला सहा, आठ, दहा पोल घेऊन जातात ते हौस म्हणून नव्हे.

आता काळ जुळवून बघा. १९५० च्या दशकाअखेर आणि १९६० च्या दशकात खेळाडू जहाज सोडून जेट विमानात बसायला लागले. नेमक्या त्याच वर्षांत पोल चपलेसारखा झाला, ज्याचा त्यालाच होणारा! जेव्हा कोणाचाही चालत होता तेव्हा नेणं सोपं होतं. नेणं अवघड झालं तेव्हा दुसऱ्याचा चालेनासा झाला. कोणी मुद्दाम केलं नाही, पण झालं खरं. मोठी विमानं आल्यावरही सुटका नाही. १९७० मध्ये जंबो जेट उडायला लागलं आणि सामान डब्यांमध्ये भरून विमानाच्या पोटात सरकवायची पद्धत रुळली. त्यातला नेहमीचा डबा जेमतेम दोन मीटर रुंद. म्हणजे विमान सत्तर मीटरचं, आणि पोलला जागा मिळाली तर मागच्या टोकाला सुट्या सामानाच्या कोपऱ्यात! लहान विमानात सामान हातानं रचतात, तिथे आतली जागा लांबलचक असते, पण दार बाजूला आणि अरुंद. पोल तिरका घालून आत वळवावा लागतो. विमान बनवणारे याचे तक्तेच देतात : इतक्या रुंदीची, इतक्या उंचीची वस्तू जास्तीत जास्त इतकी लांब असेल तरच या दारातून वळेल.

आणि पोल नसला की काय होतं? म्युनिक, १९७२. १८९६ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये हे सोनं अमेरिकेचं. बॉब सीग्रेन १९६८ चा विजेता, नव्या जातीचा पोल घेऊन आलेला. हे पोल सगळ्यांना वेळेत उपलब्ध नव्हते असं कारण देऊन त्यांवर बंदी आली, मग उठली, मग अगदी स्पर्धेच्या तोंडावर परत लागली. सीग्रेनला हाताला सवय नसलेल्या पोलवर उडी मारावी लागली. पूर्व जर्मनीचा नॉर्डविग ५.५० ला जिंकला, सीग्रेन ५.४० वर राहिला. शेवटची उडी झाल्यावर त्याने तो पोल नेऊन अधिकाऱ्याच्या हातात दिला. काय बोलला ते सोडा, देण्यातच सगळं आलं.

बीजिंगमध्ये २००८ साली ब्राझीलच्या फाबियाना मुरेरचे पोल जगाला अर्धा वळसा घालून सुखरूप पोहोचले, आणि त्यातला एक ऐन अंतिम फेरीच्या वेळी स्टेडियममध्येच सापडेना! ती स्पर्धा थांबवा म्हणून भांडली, काही उपयोग झाला नाही. दहावी आली. २०११ मध्ये तिने देगूला ४.८५ मारून विश्वविजेतेपद घेतलं, त्याचा मला उगाचच वैयक्तिक आनंद झाला.

उगाचच नाही म्हणा. भाचीचं असंच झालं होतं. आधी पत्रव्यवहार करून, पोलची लांबी कळवून, होकार घेऊन ती विमानतळावर गेली. काउंटरवर कळलं की विमान बदललंय, आता छोटं आहे, पोल जाणार नाहीत. (कंपनीचं नाव लिहीत नाही.) तिच्या हातात दोन पर्याय : पोलसोबत घरी, किंवा पोलशिवाय स्पर्धेला. ती गेली. तिथल्या एका मुलीने मोठ्या मनाने आपला पोल दिला. पण तो भाचीपेक्षा सात किलो जास्त वजनाच्या माणसाचा. असा ताठ पोल उभाच राहत नाही. तो वाकायचं नाकारतो आणि उडी मारणाऱ्याला आला त्या वाटेने परत फेकतो, गादीवर नाही तर धावपट्टीवर. तिसऱ्या प्रयत्नात तेच झालं. पायाचा घोटा सहा आठवडे बांधून. निकालपत्रात तिच्या नावापुढे एकही उंची नाही. ताई तेव्हा फोनवर एवढंच म्हणाली, "पाठीवर पडली असती तर?" त्यानंतर घरातले आम्ही तोडगेवाले बराच वेळ गप्प होतो.

"मग रेल्वेने जा की," हा तोडगा आमच्या काकांचा. जातात ना. आपल्याकडचे बहुतेक जण रेल्वेनेच जातात, पोल खिडकीच्या गजांना बाहेरून बांधून नाहीतर डब्यात बाकांच्या कडेने सरकवून. फेब्रुवारी २०२५ मध्ये डेहराडूनला ५.३२ मीटर मारून राष्ट्रीय विक्रम करणारा देव मीणासुद्धा. जानेवारी २०२६ मध्ये तो आणि त्याचा सहकारी मंगळुरूहून भोपाळला परतत होते, तर आपल्या पनवेल स्टेशनात त्यांना पोलसकट उतरवलं आणि काही तास तिथेच अडकवून ठेवलं. विक्रमवीराची ही गत, तर बाकीच्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? डब्यातल्या इतर प्रवाशांची अडचण मला कळते. पण मालडब्यात लोखंडी कपाटांखाली टाकलेल्या पोलवर चरा पडला, तर तो पोल पुढे कधी तरी उडीच्या मध्यावर मोडतो, हेही कोणी तरी कळून घ्यायला हवं.

सध्या भाचीने आपला मार्ग काढलाय. सांडपाण्याचा सहा इंची प्लास्टिकचा पाइप आणला, त्यात जुन्या गोधड्यांत गुंडाळलेले पोल, दोन्ही टोकांना बूच. तो ओळखीच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या टेम्पोत चार दिवस आधी रवाना होतो. ती स्वतः मागून जाते, पाठीवर एक सॅक. या वेळची स्पर्धा शनिवारी आहे. पाइप मंगळवारी पहाटे निघाला, आणि काल रात्री ड्रायव्हरचा फोन आला की पोहोचला.